बाजार ओट्याजवळचं शौचालय आणि झेडपी शाळा: वापरलेल्या पॅडची सोय नेमकी कशी करावी?

निंबोणी
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं साडेतीन हजार वस्तीचं गाव आहे. बाजार ओट्याजवळ सामुदायिक शौचालय होत आलंय, बायकांकडे दोन सीट. झेडपी शाळा आठवीपर्यंत, मुलींच्या बाजूलाही दोनच. अंदाजपत्रकात एक ओळ आहे: 'सॅनिटरी पॅड जाळण्याचे यंत्र, २ नग'. ग्रामसभेत जाण्याआधी ती ओळ तपासून घ्यायची आहे. घंटागाडी आठवड्यातून तीनदा फिरते. ओला-सुका वेगळा होतो, पण सुक्यातले पॅड शेवटी गावाबाहेरच्या खदानीत. जमीन काळी, भारी. विजेचं सांगायला नको. यंत्र घ्यावं का? नाही तर काय करावं? मापं सांगा, काय बिघडतं ते सांगा. 'जनजागृती करा' हे उत्तर नको, ती चालूच आहे.

कोरडवाहू
ती ओळ खोडा. भिंतीवरच्या छोट्या यंत्रात एक कॉइल असते, साधारण एक ते दीड किलोवॅटची. तिला १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि खरीखुरी अर्थिंग लागते. प्रत्यक्षात ते यंत्र ट्यूबलाइटच्या बोर्डावर, मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटला जोडलेलं सापडतं. सॉकेट आधी काळा पडतो, मग वितळतो.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. रब्बीत मोटरी सुरू झाल्या आणि शेतीचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा नसला की २३० चं १७० होतं. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे १७० ला साधारण ५५ टक्केच उरते. टायमर मात्र तेवढाच वेळ चालतो. त्यात पॅड ओला. बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच जाते. तळाशी राख पडायला हवी, तिथे काळा चिकट गोळा मिळतो, तो कॉइलला धरून बसतो आणि वरून पुढचा पॅड पडतो. दोन-चार वेळा असं झालं की कॉइल गेली. ती बदलायला माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार, वार्षिक देखभाल करार नसेल तर येणारही नाही.

आणि धुराच्या नळीला पीव्हीसी पाइप लावलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडतो. तिथे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपच हवा, छपराच्या बराच वर नेलेला, टोकाला टोपी.

टीसीएल
तपमानाचं जोडते. दवाखान्याचा कचरा जाळायच्या भट्टीला २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत काय लागतं ते पाहा: पहिल्या कक्षात ८०० अंश, दुसऱ्यात १०५० अंश, तिथे वायू किमान दोन सेकंद राहायला हवा, आणि धुराडं ३० मीटर उंच. हे नियम घरच्या पॅडला लागू नाहीत, पण पॅडमध्येही वरचा-खालचा पदर प्लास्टिकचा, मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पावडर, जी पाणी लागलं की जेल होते. कमी तपमानावर प्लास्टिक धुमसलं की विषारी धूर आलाच. त्यात क्लोरीन असलेलं काही असेल तर डायॉक्सिन आणि फ्युरान ही घातक विषंही. एका कक्षाचं, वर्गाच्या खिडकीशेजारचं यंत्र म्हणजे तो धूर पोरींच्या नाकाशी.

निंबोणी
बरं, यंत्र बाजूला ठेवलं. मग डबा. केवढा, कुठे, कोणता? आणि डब्यातलं पुढे कुठे?

हिशेबी
केवढा ते आधी. पाळी पाच दिवस, चक्र २८ दिवसांचं धरा. म्हणजे पाळी येणाऱ्या दर शंभरजणींत कोणत्याही दिवशी साधारण १८ जणींना पाळी असते. शाळेत अशा साठ मुली असतील तर अकरा. शाळेच्या वेळात एकीने एकदा बदललं तर अकरा पॅड. कागदात गुंडाळलेला पॅड पाव लिटर जागा खातो, म्हणजे जेमतेम तीन लिटर, दोन सीटमध्ये वाटून. बाजाराच्या दिवशी दोनशे बायका येऊन गेल्या आणि त्यातल्या १२० त्या वयाच्या धरल्या, तर एकवीसजणींना पाळी. निम्म्या जणींनी तिथेच बदललं तर दहा-अकरा पॅड.

त्यामुळे प्रत्येक सीटला दहा लिटरचा डबा पुरे. मोठा घेऊ नका. मोठा डबा भरेपर्यंत कोणी रिकामा करत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या. रोज रिकामा करायचा, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा. भरला असो वा नसो.

मिस्त्रीभाऊ
ताई, डब्ब्याच्या आधी पाइपाचं आयका. डब्बा नसला तं पॅड भांड्यात जाते, दुसरीकडं कुठंच नाही. ग्रामीण भांड्याचा पी-ट्रॅप, म्हंजे भांड्याखालचा वाकडा पाइप, ७५ मिलिमीटरचा, पान्याची सील २० मिलिमीटरची. दीड-दोन लिटर पान्यात मैला निंगून जाते, पॅड नाही जात. तो तिथंच पानी पिऊन फुगते. ट्रॅपमधून सुटलाच तं वाय चेंबरच्या, म्हंजे पाइप दोन खड्ड्यांकडं फुटते तिथल्या, फाट्यावर आडवा होते. शोषखड्ड्यात गेला तं मैल्याचं खत होते, पॅडचं होत नाही. जाळीच्या विटांची भोकं बुजतात, पानी मुरत नाही, अन् खड्डा उपसाच्या वेळी प्लास्टिकच्या चिंध्या निंगतात.

तुंबलं तं अॅसिड ओतू नका. अॅसिडनं ना प्लास्टिक विरघळत, ना जेल. ट्रॅपमधलं पानी मगानं काढा, दोन मुठी जाडं मीठ कोमट पान्यात घोळून ओता, तासभर थांबा. मिठानं जेल पानी सोडते, आकसते. मंग तारेच्या आकड्यानं आपल्याकडं ओढा. काठीनं पुढं ढकललं तं ट्रॅपचं काम चेंबरवर गेलं, अन् चेंबर बाहेर फरशीखाली असते.

टीसीएल
मीठ लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक भर: आधी कोणी अॅसिड ओतलेलं असेल तर त्यावर ब्लीचिंग पावडर टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद शौचालयात जीव गुदमरतो.

शाळेची_घंटा
पॅड मोरीत धुऊन मग टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. कापडाची सवय, ती पॅडलाही लागली. विकतचा पॅड धुवायचा नसतो हे मुलींना स्पष्ट सांगावं लागतं, कारण धुताना जेल फुटून बाहेर येतं आणि मोरीची जाळी बंद होते. गुंडाळायची रीत: पॅड काढला की रक्ताची बाजू आत ठेवून एका टोकाकडून घट्ट गुंडाळी करायची, नव्या पॅडचं वेष्टण तिच्यावर चढवायचं, मग कागद. वर्तमानपत्राच्या उघडलेल्या पानाचा चौथा हिस्सा नेहमीच्या पॅडला पुरतो, मोठ्या पॅडला अर्धा लागतो. कोपऱ्यात भोक पाडून सुतळीत ओवलेले कागद दाराच्या आतल्या खिळ्याला, नळाचं पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर. ओला कागद काही कामाचा नाही, हे सगळीकडे विसरलं जातं.

कंपनीने पाकिटासोबत विल्हेवाटीची पिशवी द्यावी हे २०१६ च्या घनकचरा नियमांत होतंच. मिळाली तर उत्तम, पण सोय कागदावरच उभी करा.

मोहफूल
गडचिरोलीकडून लिहितोय. डबा ठेवूनही रिकामा राहिला तर बायकांना दोष देऊ नका, डबा पाहा. आपला कपडा दुसऱ्याच्या नजरेला पडू नये, कोणी उचलून करणी करेल, ही भीती अजून आहे. उघडा डबा, पायाने उघडणारं झाकण ज्यातून आतलं सगळं दिसतं, किंवा बाहेर वॉश बेसिनपाशी ठेवलेला डबा, यातलं काहीही असेल तर बाई पॅड पिशवीत घालून नेते आणि नाल्यात टाकते. डबा सीटच्या खोलीत आतच हवा, टाकलेलं परत दिसू नये असा हवा आणि त्याला कुलूप हवं. कुलपाने निम्मी भीती जाते. पाटीवर चित्र काढा. इकडे माडिया, गोंडी बोलणाऱ्यांना मराठी मजकुराचा उपयोग नाही, आणि बाजाराला परगावच्या बायकाही येतात.

मिस्त्रीभाऊ
पायाचं पेडल सार्वजनिक ठिकानी दोन महिने टिकत नाही. मंग झाकन हातानं उचलतात नाही तं उघडंच सोडतात. त्याच्यापेक्षा डिस्टेंपरची रिकामी बादली घ्या, दहा लिटरवाली, घट्ट झाकनाची. झाकनाले १५ बाय १२ सेंटिमीटरची खाच कापा. आतून ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा वरच्या कडेले दोन रिबिटांनी लावा, मंग पडदा होते: गुंडाळी ढकलली का आत, अन् आतलं दिसत नाही. बादली भिंतीवरच्या लोखंडी कड्यात बसवा, कड्याले आडवी पट्टी अन् कुलूप. बादलीचा तळ फरशीच्या १५ सेंटिमीटर वर, धुवाचं पानी आत नाही गेलं पाहिजे. पत्र्याचा डब्बा नको. ब्लीचिंगनं गंजते.

अन् उजव्या हाताकडच्या भिंतीले लावा. डावा हात धुवाले लागते. नळाच्या खाली तं मुळीच नाही.

धानपट्टा
आता शेवटचं टोक, ज्यावर सगळे गप्प बसतात. 'खोल खड्ड्यात पुरा' असं सांगून मोकळे होतात. जैववैद्यकीय नियमांतल्या खोल खड्ड्याचं माप: दोन मीटर खोल, निम्मा भरायचा, मग जमिनीपासून ५० सेंटिमीटरपर्यंत चुना आणि वर माती. दर खेपेला १० सेंटिमीटर मातीचा थर. भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली. भंडारा-गोंदियात, तलावाखालच्या गावांत, पावसाळ्यात दोन-तीन मीटरवर पाणी लागतं, त्यामुळे इकडे प्रश्नच मिटला. तुमच्याकडे पाणी खोल असेल, पण काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. भेगेतून वास, वासाने कुत्री, आणि पहिल्या पावसात तीच माती फुगून कडा ढासळतात.

हिशेबी
त्याचा हिशोब करून पाहिला. एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा, आठवड्याला ७५ गुंडाळ्या. गुंडाळ्यांची जागा २० लिटर. वरची १० सेंटिमीटर माती १०० लिटर! खड्ड्याचा भरायचा भाग हजार लिटरचा, म्हणजे आठ आठवड्यांत संपला आणि त्यात पाच हिस्से माती. वर्षाला सहा खड्डे. कोणती ग्रामपंचायत खणणार आहे?

पऱ्हाटी
विटांची भट्टी कोणी काढली नाही अजून. शौचालयाच्या मागच्या भिंतीला लागून, आतून तिरकी घसरण, खाली बारीक गजांची जाळी, त्याखाली राखेचा कप्पा, लोखंडी दार आणि धुराडं. वीज लागत नाही. जळण म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या आपल्याकडे फुकट. आठवड्यातून दोनदा पेटवायची.

टीसीएल
माहीत आहे ती भट्टी, बऱ्याच शाळांत आहे. पण पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते. पॅड सुकेपर्यंत ज्वाळ टिकत नाही आणि ८०० अंशांचं नावच नको. घसरणीच्या तोंडाला पत्र्याची झडप नसेल तर सगळा धूर उलटा शौचालयात येतो. जिथे गोळा करणारी गाडी पोचतच नाही, अशा पाड्यावर ती ठीक, तीही शाळा सुटल्यावर, वारा वस्तीकडे नसताना, रॉकेल-डिझेल न टाकता. निंबोणीताईंच्या गावाला घंटागाडी आहे. त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पऱ्हाटी
मान्य. मग नाडेपमध्ये, कंपोस्ट खताच्या टाकीत? आपल्या पुसदच्याच पांढरीपांडे काकांची पद्धत, टाकीही तयार असते.

हिशेबी
जुनं सुती कापड असेल तर तुकडे करून नाडेपमध्ये चालेल. पॅड नाही. लगदा कुजेल, प्लास्टिकचा पदर जसाच्या तसा राहील, आणि ते खत शेतात पसरलं की चिंध्या वर. 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' लिहिलेल्या पॅडलाही तेच लागू, तो प्लास्टिकचे बारीक तुकडे होऊन मातीत राहतो. खरोखर कंपोस्ट होणारे पॅड वेगळे, पण सार्वजनिक डब्यात ते वेगळे निवडणार कोण? डब्यात हात घालायचाच नाही, हा पहिला नियम आहे.

वऱ्हाडी_ठेचा
पाळीचा कप वापरा ना बाप्पा, कचराच नाही!

निंबोणी
वापरणाऱ्या वापरोत, वेगळा धागा काढा भाऊ. इथे डब्यातल्याचं बोलून राहिलो आहोत.

कोरडवाहू
शेवटचं टोक गावात सुटत नाही, ते बाहेरच न्यावं लागतं. दोन वाटा आहेत. एक, जवळची नगर परिषद: तिच्याकडे सॅनिटरी कचऱ्याची वेगळी सोय असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून लेखी करार. २०२६ च्या नव्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, असे चार प्रकार वेगळे धरले आहेत, त्यामुळे पत्र लिहिताना 'सॅनिटरी' हाच प्रकार लिहा, 'सुका' लिहिलात की ते डंपिंगला जाणार. दोन, दवाखान्यांचा कचरा नेणारी सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात येतेच.

टीसीएल
दुसऱ्या वाटेत एक खोच आहे. 'आरोग्य केंद्राच्या पिवळ्या पिशवीत टाकून द्या' असं तोंडी ठरवतात, ते करू नका. त्या पिशव्यांना बारकोड असतो, वजन आरोग्य केंद्राच्या नावावर चढतं, आणि नोंद जुळली नाही की जबाब वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावा लागतो. ग्रामपंचायतीचा स्वतंत्र करार, स्वतंत्र पिशवी. दर वजनावर असेल तर आपल्याला परवडतं: गुंडाळी ३० ग्रॅम धरली तर ७५ गुंडाळ्यांचे सव्वादोन किलो. गाडीचा वार ठरलेला असतो, तोवर रोजचे डबे एका झाकणाच्या ड्रममध्ये रिकामे करायचे. ड्रम सावलीत, कुलुपात, कुत्र्यांपासून वर ओट्यावर. युरियाच्या चुंगडीत साठवू नका, ती विणलेली असते, गळते. वर दोन मुठी चुना टाकला की वास आणि माश्या कमी होतात.

आता स्वच्छता. डबा रिकामा करणाऱ्याला कोपरापर्यंतचे रबरी मोजे, मास्क, दीड फुटी चिमटा, बंद बूट. बादली ड्रमवर उलटी करायची, हाताने उपसायची नाही. कावीळ-बीची लस तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी, धनुर्वाताचीही. कामावर घेतानाच द्या, 'पुढच्या शिबिरात' म्हटलं की राहिलंच. मग बादली साबणाने धुवा. आधी साबण, मग ब्लीचिंग. मळ असला तर क्लोरीन मळावरच खर्च होतं. ग्रामपंचायतीकडे विहिरीसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असतंच. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन धरलं तर अर्धा टक्का द्रावणाला लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला दीडशे. गाळ खाली बसू द्या, वरची निवळी वापरा, अर्धा तास राहू द्या, मग धुऊन उन्हात. पोतं उघडं राहिलेलं टीसीएल महिनाभरात मरतं, त्याचा काही उपयोग नाही. द्रावण रोज ताजं.

शाळेची_घंटा
शाळेपुरत्या दोन गोष्टी. मुलींच्या शौचालयाला कुलूप आणि किल्ली मॅडमच्या टेबलावर, हा प्रकार बंद करा. मुलगी मागायला येत नाही, दुपारची सुट्टी होईपर्यंत थांबते किंवा घरी जाते. कुलूप डब्याला, दाराला नाही. आणि सुट्ट्या. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी डबे रिकामे करून, धुऊन, उलटे ठेवायचे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिनाभर बंद खोलीत भरलेला डबा राहिला तर जूनमध्ये ती खोलीच कोणी वापरत नाही.

निंबोणी
छान झालं. अंदाजपत्रकातल्या त्या ओळीऐवजी आता हे लिहिते: दहा लिटरच्या कुलपाच्या बादल्या सहा (चार सीट, दोन अदलाबदलीला, कारण धुतलेली वाळेपर्यंत जागा रिकामी नको), कडी-पट्टी चार, साठवणीचा झाकणाचा ड्रम एक, चिमटे दोन, मोज्यांच्या जोड्या वर्षाला बारा, प्रत्येक सीटमध्ये पाकीट ठेवायला सहा इंची फळी आणि एक खुंटी. चित्राच्या पाट्या चार. लस आरोग्य केंद्रातून. नगर परिषदेला पत्र आणि ठरावाचा मसुदा वेगळा. रोजचं काम घंटागाडीवरच्या ताईंकडे, त्याचं मानधन वेगळ्या ओळीत लिहिते, नाही तर ते 'इतर' मध्ये बुडतं. बंधित (ठरावीक कामांसाठीच मिळणाऱ्या) निधीतला स्वच्छतेचा हिस्सा यासाठी चालतो असं गृहीत धरलंय, तपासून घेते. काही सुटलं?

हिशेबी
मोजे बारा जोड्या कमी पडतील. रबर ब्लीचिंगने महिन्याभरात चिरतं आणि माणसं दोन आहेत, सुट्टीवरची बदली धरून. चोवीस करा. आणि नोंदीचं एक पान, तारीख, वेळ, किती बादल्या, सही. करार वजनावर झाला तर तेच बिल तपासायला लागेल.

मिस्त्रीभाऊ
ताई, दार आत उघडते का बाहेर? आत उघडत असन तं कडं लावाच्या आधी दार पुरं उघडून पाहा. नाही तं बादली दाराले लागते, कडं वाकते अन् कुलूप बसत नाही. तसं असन तं दार बाहेर उघडनारं करा, बिजागरी बदलाले अर्धा दिवस लागते. फरशी बसवाच्या आधी सांगा मिस्त्रीले.